युगांडा: गोरिलांचं रान, सालीचं कापड आणि गोमेसी (अनुभव आणि चौकशी)

शेवंती

नमस्कार मंडळी. जूनअखेरीस मी, नवरा आणि माझी थोरली बहीण असे तिघं युगांडात बारा दिवस फिरून आलो. जाण्याआधी मराठीत शोधाशोध केली तर केनिया-टांझानियाबद्दल ढीगभर सापडलं, युगांडाबद्दल जवळपास काहीच नाही. म्हणून हा धागा काढतेय. जायच्या विचारात असलेल्यांना उपयोग होईल, आणि जाऊन आलेल्यांनी भर घालावी.

एक आधीच सांगते. नजर पोचेल तिथवर गवत आणि त्यात हजारोंनी विल्डबीस्ट, हेच डोळ्यांसमोर असेल तर मसाई मारा किंवा सेरेंगेटीलाच जा. युगांडाचा बाज वेगळा आहे. देश महाराष्ट्रापेक्षा लहान, २ लाख ४१ हजार चौरस किलोमीटर. पण त्यात नैर्ऋत्येला घनदाट डोंगरी जंगल आणि ज्वालामुखी, मधे तळीच तळी, वायव्येला सवाना आणि या सगळ्यातून वाहणारी नाईल. शेताचा बांध संपतो तिथे जंगल सुरू होतं. त्यामुळे नुसते प्राणी बघून आलं तर अर्धाच देश बघितल्यासारखं होतं. प्राण्यांचे दोन दिवस कमी करा, पण माणसांसाठी दोन दिवस ठेवा, हे मला सगळ्यात आधी सांगायचंय.

मुंबई ते एंटेबे युगांडा एअरलाइन्सचं थेट विमान ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झालं. पिवळ्या तापाची लस मात्र निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या आणि पिवळं कार्ड पासपोर्टसोबतच ठेवा. ते नसेल तर परत येताना आपल्याच विमानतळावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.

आता ब्विंडी, म्हणजे ते नैर्ऋत्येचं घनदाट डोंगरी जंगल. पर्वतीय गोरिला जगात फक्त दोन ठिकाणी आहेत: विरुंगाचे ज्वालामुखी आणि हे ब्विंडीचं जंगल. २०१८च्या गणनेत ब्विंडी भागात ४५९ सापडले, दोन्ही मिळून १,०६३. जगातल्या एकाही प्राणिसंग्रहालयात पर्वतीय गोरिला नाही. बघायचा तर त्याच्याच रानात जाऊन. परदेशी पाहुण्याला परवाना ८०० डॉलरचा, एका माणसाला, एका तासासाठी. (रवांडात हाच १,५०० डॉलर आहे.) एका गटाला दिवसातून एकदाच, जास्तीत जास्त आठ माणसं भेटू शकतात.

इथे आमची एक चूक झाली, ती तुमची होऊ नये. ब्विंडीत गोरिला बघायला चार बाजूंनी शिरतात: बुहोमा, रुहिजा, रुशागा आणि न्कुरिंगो. परवाना ज्या बाजूचा, तिथूनच जावं लागतं. आमच्या सहल कंपनीने परवाना काढला रुशागाचा आणि मुक्काम ठेवला बुहोमाला. नकाशावर बोटभर अंतर, पण डोंगराला वळसा घालून कच्च्या रस्त्याने कित्येक तास. सकाळी आठपर्यंत पोचायचं म्हणून आम्ही पहाटे तीनला, मिट्ट काळोखात निघालो. बहिणीला घाट लागतो, तिचे फार हाल झाले. पैसे भरण्याआधी परवान्यावरचं आणि हॉटेलचं ठिकाण शेजारी शेजारी ठेवून बघा.

माग काढणारे लोक पहाटेच आत जातात. गोरिला रोज रात्री नवी शेज करून झोपतात, तेव्हा कालच्या शेजेपासून माग सुरू होतो. मागून आपण, रेंजरबरोबर. वाट अशी नाहीच. कोयत्याने वेल तोडत, चिखलातून, मुळांना धरून वर. मी सामान घ्यायला गावातली एक मुलगी घेतली होती, तिचे २० डॉलर. पिशवीपेक्षा तिचा हातच जास्त उपयोगी पडला. कुठलं मूळ वजन पेलेल आणि कुठलं हातात येईल हे तिला बघूनच कळायचं. मला परवडतंय, मी चढेन, असं म्हणून कुणी हमाल टाळू नका. गावात त्या दिवसाची तेवढीच रोख कमाई असते.

अडीच तासांनी रेंजरने हात वर केला. मास्क लावले, काठ्या खाली ठेवल्या. आधी वास आला, घामेजल्या घोंगडीसारखा, आंबूस. मग पानं मोडल्याचा आवाज. आणि मग तो, पाठ रुपेरी झालेला मोठा नर, आमच्याकडे पाठ करून बसलेला. एक एक दांडा घ्यायचा, दातात धरून वरची साल सर्रकन ओढून काढायची, आतला गर खायचा आणि चोथा बाजूला टाकायचा. अगदी आपण ऊस सोलतो तसं. घाई नाही, आमची दखल नाही. एक पिल्लू त्याच्या खांद्यावरून घसरत होतं, परत चढत होतं. मधेच त्या नराने मान वळवली आणि माझ्या बहिणीकडे बघितलं. ती नंतर दिवसभर बोलली नाही. तो तास संपला तेव्हा मला वाटलं दहा मिनिटं झाली असतील.

पण याच जंगलाची दुसरी बाजूही आहे. तिथे बट्वा लोक राहत होते, शिकार आणि मध गोळा करून जगणारे. १९९१ मध्ये ब्विंडी आणि शेजारचं म्गाहिंगा राष्ट्रीय उद्यान झालं आणि त्यांना बाहेर काढलं गेलं. जमीन नाही, भरपाई नाही. गोरिला वाचले ही खरी गोष्ट आहे आणि ज्यांनी हे रान मोडलं नव्हतं तेच त्यातून बाहेर गेले हीसुद्धा. म्गाहिंगाला बट्वा वाटाडेच पाहुण्यांना उद्यानात नेतात. पाल्यापाचोळ्याची झोपडी, दोन काटक्यांनी केलेली आग, कुठलं मूळ कशावर चालतं, हे सगळं दाखवतात. शेवटी गारामा नावाची लाव्हारसाची गुहा आहे. आम्ही आत उतरलो, वाटाड्याने बॅटरी बंद करायला लावली. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार. आणि आतून बायकांचं गाणं सुरू झालं, टाळ्यांच्या ठेक्यावर. शब्द एकही कळला नाही. आवाज दगडातून अंगात येत होता. बाहेर आल्यावर उजेडात त्या बायका दिसल्या, सगळ्या माझ्या आईच्या वयाच्या.

राजधानी कंपालाचं आणि सालीच्या कापडाचं खाली प्रतिसादात लिहिते, हात दुखायला लागले. विचारा काय विचारायचं ते.

वऱ्हाडी_वाटसरू

ताई, फार आतून लिहिलंय. मी नागपूरचा, ताडोब्याला वर्षातून तीनदा जातो. वाघ दिसला की वीस जिप्सी एकाच ठिकाणी गोळा होतात आणि वाघ बिचारा रस्त्यावरून वाट काढतो, हे बघून जीव विटतो. आठ माणसं, एक तास हा नियम खरंच पाळतात का? आणि ८०० डॉलरमधलं गावाला काही मिळतं की सगळं वर जातं?

शेवंती

@वऱ्हाडी_वाटसरू, आमच्यासमोर तरी काटेकोर पाळला. आमच्यातल्या एकाला सकाळी खोकला होता, त्याला रेंजरने बाजूला घेऊन विचारपूस केली. आजारी माणसाला आत नेत नाहीत, कारण आपली साधी सर्दी गोरिलाला मारू शकते. १९९६ मध्ये ब्विंडीतल्या गोरिलांना खरूज झाली होती. डॉ. ग्लॅडिस कालेमा-झिकुसोका या युगांडाच्या वन्यजीव प्राधिकरणाच्या पहिल्या पशुवैद्य. त्यांनी शोध घेतला तो गावातल्या शेतांपर्यंत पोचला. बुजगावण्यांवर घातलेल्या मळक्या कपड्यांतून ती गोरिलांना लागली असावी असं दिसलं. एक पिल्लू त्यात दगावलं. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की गोरिला निरोगी ठेवायचे तर आधी गावातली माणसं निरोगी हवीत. पुढे त्यांनी त्यासाठीच संस्था काढली, ती घरोघरी आरोग्याचं काम करते.

पैशांचं: प्रत्येक गोरिला परवान्यातले १० डॉलर आणि उद्यानाच्या प्रवेश शुल्काचा पाचवा हिस्सा आसपासच्या गावांसाठी असतो. ८०० मधले १० मला फारच थोडे वाटले. म्हणूनच म्हणते, हमाल घ्या, गावात जेवा, गावात राहा. तो पैसा थेट हातात पडतो.

निशिगंध

आमची मुलगी अकरा वर्षांची, प्राणिवेडी. तिला नेता येईल का? आणि सोबत सासूबाई आहेत, पक्क्या शाकाहारी, कांदा-लसूण चालतो.

शेवंती

@निशिगंध, गोरिलांसाठी किमान वय १५, त्यात सूट नाही. तिची निराशा आधीच टाळा. पण तिच्यासाठी बाकी भरपूर आहे. क्वीन एलिझाबेथ उद्यानात काझिंगा कालव्यातून होडी जाते. पाणघोड्यांचे कळप दहा-पंधरा हातांवर, काठावर हत्ती, म्हशी आणि शेकड्यांनी पाणपक्षी. त्याच उद्यानाच्या दक्षिण टोकाला इशाशा, तिथले सिंह उंबराच्या जातीच्या झाडांवर चढून दुपारभर फांद्यांवर पाय सोडून पडलेले असतात. आणि झिवाच्या अभयारण्यात गेंडे. युगांडातले गेंडे शिकारीत पार संपले होते, मग केनियातून आणि अमेरिकेतून आणून झिवाला वाढवले. २००९ मध्ये पहिलं पिल्लू झालं. बाप केनियाचा, आई अमेरिकेची, म्हणून त्याचं नाव ओबामा ठेवलं. मुलीला ही गोष्ट नक्की आवडेल. तिथे रेंजरबरोबर पायी जाऊन गेंडा बघता येतो, मात्र वयाची अट विचारून घ्या.

सासूबाईंची काळजी नको. मटोके म्हणजे हिरवी केळी केळीच्याच पानात वाफवून केलेला मऊ लगदा. त्यावर शेंगदाण्याच्या कुटाचं दाट, गुलाबीसर कालवण. पहिला घास घेतला आणि बहीण म्हणाली, ही तर आपली उपासाची दाण्याची आमटी, फक्त मिरची विसरल्येत! शिवाय घेवड्याची उसळ सगळीकडे, आणि डोडो नावाची पालेभाजी, तो आपला माठच. आणि रोलेक्स: रस्त्याकडेला तव्यावर चपाती, त्यावर कोबी-टोमॅटो घातलेलं ऑम्लेट, गुंडाळून कागदात. सासूबाईंना अंडं चालत नसेल तर नुसती चपाती आणि घेवडा मागा, त्याला किकोमांडो म्हणतात.

तिखटमीठ

चपाती तिथे कुणी नेली हे सांगायलाच हवं. युगांडा रेल्वे १८९६ ते १९०१ मध्ये मोंबासापासून बांधली, त्यासाठी हिंदुस्थानातून तीस हजारांहून जास्त मजूर नेले, बहुतेक पंजाबचे. अडीच हजारांच्या आसपास तिथेच मेले. त्यांच्यामागून व्यापारी गेले, बरेचसे गुजराती. तिथल्या लुगांडा भाषेत दुकानाला ‘एड्डूका’ म्हणतात, चहाला ‘चायी’. मी कामानिमित्त कंपालात आठ महिने होतो. ज्या टपरीवर रोज रोलेक्स खायचो त्या पोराला चपाती हिंदुस्थानातली आहे हे पटतच नव्हतं. तो म्हणायचा, ही आमचीच! आणि मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. लाटणं आमच्यापेक्षा त्याच्या हातात जास्त शोभायचं.

शेवंती

आता कंपाला. कासुबीच्या टेकडीवर बुगांडाच्या, म्हणजे युगांडातल्याच एका जुन्या राज्याच्या, चार राजांच्या समाध्या आहेत. राजाला कबाका म्हणतात. १८८२ मध्ये मुतेसा पहिल्याने तिथे राजवाडा बांधला आणि दोन वर्षांनी त्यालाच तिथे ठेवलं. बाहेरून बघितलं तर एक प्रचंड गवती घुमट, छत जमिनीला टेकायला आलेलं. आत छताला गवताच्या जाड वेटोळ्यांची ५२ कडी आहेत, बुगांडाच्या ५२ कुळांची. प्रत्येक कुळाचं देवक असतं, कुणाचं सिंह, कुणाचं पाणमांजर, कुणाचं मशरूम. आपलं देवक मारायचं-खायचं नाही, आपल्याच कुळात लग्न करायचं नाही. हे ऐकून नवरा वाटाड्याला आमची देवकं सांगत बसला, दोघांची अर्धा तास मैफल जमली.

मार्च २०१० मध्ये ही वास्तू आगीत जळून गेली. पुन्हा उभारायला दशकाच्या वर लागलं, कारण गवत शाकारण्याचं कामही ठरावीक कुळाकडे असतं, कुणीही छपरावर चढून चालत नाही. २०२३ मध्ये युनेस्कोने तिला धोक्यातल्या वारशांच्या यादीतून काढलं.

आणि ते कापड. मुटुबा नावाचं झाड, वड-उंबराच्या कुळातलं. पावसाळ्यात त्याची साल बुंध्यावरून अखंड सोलून काढतात. उघड्या बुंध्याला लगेच केळीची पानं गुंडाळतात, जखमेला पट्टी बांधावी तशी, म्हणजे झाड मरत नाही, पुन्हा साल धरतं. आम्ही गेलो तिथे एक आजोबा आणि त्यांचा नातू समोरासमोर बसून ओंडक्यावर साल ठोकत होते. हातात लाकडी मोगऱ्या, त्यांच्यावर खाचा. आधी रुंद खाचांची मोगरी, मग बारीक. टक-टक, टक-टक, एकाचा ठोका चुकला तर दुसरा थांबायचा. हातभर रुंदीची साल बघता बघता पसरत होती. उन्हात वाळवली की विटकरी तांबडी होते. हाताला कापडासारखी नाही, सांबराच्या कातड्यासारखी लागते. राज्याभिषेकाला आणि मयताला हेच कापड. मी एक तुकडा आणलाय, अजून धुराचा वास येतो.

मडगावकार

तुम्ही शीर्षकात गोमेसी लिहिलीत आणि विसरलात, म्हणून मी लिहितो. युगांडातल्या, विशेषतः बुगांडातल्या बायका लग्नाकार्यात जो पायघोळ झगा घालतात, खांद्यावर टोकदार उंचवटा, चौकोनी गळा, डाव्या बाजूला दोन बटणं आणि कमरेखाली रुंद पट्टा, तो गोमेसी. हे नाव आमच्या गोंयच्या गोम्स आडनावाच्या शिंप्यावरून पडलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याचं कंपालात दुकान होतं आणि गयाझाच्या मुलींच्या शाळेसाठी त्याने हा पोशाख शिवला असं सांगतात. आज तो तिथला मानाचा पोशाख आहे.

माझ्या आईचा जन्म युगांडातल्या जिंजा शहरातला. आजोबा सरकारी कचेरीत कारकून. ऑगस्ट १९७२ मध्ये तिथला हुकूमशहा इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितलं, तेव्हा आई एकोणीस वर्षांची होती. एक भाऊ कॅनडाला, एक इंग्लंडला, आणि आजी-आजोबा आईला घेऊन मडगावला. आजीने मरेपर्यंत गोमेसी जपून ठेवली होती, ट्रंकेत, डांबराच्या गोळ्या घालून.

शेवंती

@मडगावकार, वाचून गलबललं. गोमेसीचं खरंच राहून गेलं होतं, तुम्हीच लिहायला हवं होतं. आम्ही जिंजाला एक दिवस होतो. मुख्य रस्त्यावर जुन्या दुकानांच्या दर्शनी भिंतींवर अजून हिंदुस्थानी मालकांची नावं आणि बांधकामाची सालं कोरलेली दिसतात. खाली आता मोबाइलची दुकानं आहेत. नाईल व्हिक्टोरिया सरोवरातून निघते तिथे गांधीजींचा अर्धपुतळा आहे, १९४८ मध्ये त्यांच्या अस्थींचा काही भाग तिथे सोडला होता.

दुर्बीण

पक्ष्यांसाठी एक शब्द. एंटेबेहून अर्धा दिवस काढून माबाम्बाच्या पाणथळीत जा. शूबिल नावाचा पक्षी, माणसाच्या छातीइतका उंच, चोच लाकडी खडावेसारखी. पपायरसच्या गचपणात तो मूर्तीसारखा उभा राहतो आणि फुफ्फुसमासा वर आला की अख्खं अंग झोकून देतो. पूर्वी कोळी त्याला अपशकुनी समजून मारायचे: तो दिसला की जाळ्यात मासा नाही. आता तेच होडी वल्हवत दाखवायला नेतात. मला दोन तासांनी दिसला, बावीस मिनिटं हललाही नाही. माझ्या आयुष्यातली फार सुंदर बावीस मिनिटं.

मर्चिसन फॉल्सच्या उद्यानात गेलात तर निळे-काळे कपडे टाळा, त्सेत्से माश्या त्या रंगांवर येतात आणि कपड्यातूनही चावतात. तिथे आख्खी नाईल सात मीटरच्या फटीतून खाली कोसळते, ते धबधब्याच्या माथ्यावर उभं राहून बघा, पायाखालचा खडक थरथरतो. त्याच उद्यानाच्या हद्दीत तेलविहिरी खोदल्या जाताहेत, हे बघून मात्र वाईट वाटलं.

जुनी_वही

शेवंतीताई, तुमच्या लिखाणाबद्दल आदर ठेवून एक खटकलं ते लिहिते. ज्यांना जंगलातून हाकललं त्यांनीच तिकीट काढलेल्या लोकांपुढे ‘आम्ही असे राहायचो’ म्हणून आग पेटवून दाखवायची, हे मला सहन होत नाही. आपण ते बघायला जातो म्हणजे त्याला हातभारच लावतो ना? आमच्या मेळघाटातल्या कामात मी कोरकू कुटुंबांचं पुनर्वसन जवळून पाहिलंय. पाहुणे आले की नाच करा म्हणणारे तिथेही असतात.

शेवंती

@जुनी_वही, हा प्रश्न मलाही गुहेतून बाहेर आल्यावर पडला होता आणि मी तो वाटाड्याला विचारला. तो म्हणाला, या फेरीच्या निमित्ताने मला आत जाता येतं, एरवी माझ्या आज्याच्या रानात पाऊल टाकलं तर मी गुन्हेगार. आणि माझ्या मुलाला झाडांची नावं कुठे शिकवू? यावर मला बोलता आलं नाही. तुमचा आक्षेप त्याने खोटा ठरत नाही. पण न जाणं हे उत्तर आहे असं मला वाटत नाही. रस्त्याकडेला गाडी थांबवून पाच डॉलरमध्ये नाच करायला लावणारे दलाल आहेत, त्यांच्याकडे अजिबात जाऊ नका. जिथे बट्वा स्वतः नेतात आणि फीचा वाटा त्यांना मिळतो तिथेच जा, आणि तो किती मिळतो हे तोंडावर विचारा. २०२१ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने बट्वांच्या बाजूने निकाल दिलाय, हेही लोकांना कळायला हवं.

जुनी_वही

वाटाड्याचं वाक्य वाचून थांबले. झाडांची नावं कुठे शिकवू, हे मला मेळघाटात एका आजीने जवळजवळ याच शब्दांत विचारलं होतं. आक्षेप पूर्ण गेला नाही, पण तुम्ही विचारलंत हे बरं केलंत.

मडगावकार

काल आईला हा धागा वाचून दाखवला. दुकानांवरच्या नावांचं ऐकून ती उठली आणि आतून एक वही घेऊन आली, त्यात जिंजातल्या शेजाऱ्यांची यादी आहे, घर क्रमांकांसकट. डिसेंबरची मुंबई–एंटेबे तिकिटं आज काढली, मी, बायको आणि आई. गोरिला नको म्हणते, फक्त जिंजा. तिचे गुडघे गेलेत, पायऱ्या होत नाहीत. नाईलच्या उगमाला उतार किती आहे? होडीत बसताना धरायला काही आहे का?

शेवंती

बागेतून काठापर्यंत पायऱ्या आहेत, पण बाजूने हळूहळू उतरता येतं, बहीण तशीच उतरली. होडी सपाट आणि रुंद आहे, नावाडी दोन्ही हात देऊन बसवतात. सकाळी नऊच्या आत जा, वारा नसतो. मुख्य रस्ता तर सपाटच आहे. आईंना वहीतली दोन-चार नावं इथे टाकायला सांगाल का? माझ्याकडे तिथल्या भिंतींचे चाळीसेक फोटो आहेत, आज रात्री एकेक उघडून बघते.